ग्रंथावरणावरील चिकट अवशेष

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, पुठ्ठ्यावर, कण्यावर (पाठीवर) किंवा वेष्टनावर लावलेली चिकटचिठ्ठी (लेबल) काढल्यानंतर मागे राहणारा चिकट, पिवळसर वा तपकिरी थर म्हणजे ग्रंथावरणावरील चिकट अवशेष होय. चिकटचिठ्ठ्या किंमत दर्शविण्यासाठी, ग्रंथालयातील वर्गांक व दाखलांक लिहिण्यासाठी, विक्रेत्याचे वा मालकाचे नाव नोंदविण्यासाठी लावल्या जातात. चिठ्ठीचा कागद काही क्षणांत निघतो; परंतु तिच्या खालचे आसंजक (चिकटविणारे द्रव्य) आवरणाच्या पृष्ठभागात मुरलेले असते. त्यावर धूळ बसते, शेजारचे पुस्तक त्याला चिकटते आणि कालांतराने कागद कायमचा डागाळतो. हा अवशेष काढणे वरवर घरगुती स्वरूपाचे काम वाटते; तथापि चुकीच्या द्रवाने छपाईची शाई, चकाकी किंवा कापडावरील रंग निघून जाऊन डागापेक्षा मोठी हानी होऊ शकते. म्हणून अवशेष कशाचा आहे व तो कशावर आहे, हे दोन प्रश्न कोणत्याही उपायाच्या आधी सोडवावे लागतात.

इतिहास : प्रारंभीच्या चिठ्ठ्या खळ, सरस, डिंक किंवा डेक्स्ट्रीन लावून चिकटवीत. पाठीवर आधीच वाळविलेला डिंक असलेल्या व ओल्या करून लावावयाच्या कागदाचा प्रसार ब्रिटनमध्ये १८४० साली निघालेल्या पहिल्या टपाल तिकिटामुळे झाला. ग्रंथालयांतील कण्यावरच्या चिठ्ठ्याही दीर्घकाळ याच प्रकारच्या होत्या. पाण्याशिवाय केवळ बोटाच्या दाबाने चिकटणाऱ्या द्रव्याचा उपयोग प्रथम वैद्यकात झाला; रबरयुक्त लेप दिलेल्या कापडी पट्टीचे अमेरिकन एकस्व १८४५ मध्ये देण्यात आले. रिचर्ड ड्रू यांनी १९२५ मध्ये रंगकामासाठी कागदी चिकटपट्टी व १९३० मध्ये पारदर्शक सेलोफेन पट्टी तयार केली. आर. स्टँटन एव्हरी यांनी १९३५ मध्ये लॉस अँजेल्स येथे स्वयंचिकट किंमतचिठ्ठ्यांचे यांत्रिक उत्पादन सुरू केले. दुसऱ्या महायुद्धानंतर पेट्रोलियमजन्य रसायनांपासून ॲक्रिलिक आसंजके मोठ्या प्रमाणावर होऊ लागली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डिंकाच्या चिठ्ठ्या हळूहळू मागे पडल्या. त्यामुळे आज एखाद्या जुन्या ग्रंथसंग्रहात डिंक, रबर व ॲक्रिलिक अशा तिन्ही पिढ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र आढळतात, कित्येकदा तर एकाच पुस्तकावर एकीवर एक लावलेल्या दिसतात.

रचना व चिकटण्याची क्रिया : स्वयंचिकट चिठ्ठीत वरचा कागद वा प्लॅस्टिकचा पापुद्रा, त्याखाली सु. ०·०२ मिमी. जाडीचा आसंजकाचा थर आणि तळाशी सिलिकोनाचा लेप दिलेला सुटा कागद असे तीन भाग असतात. दाबसंवेदी आसंजक हे द्रव व घन यांच्या दरम्यानचे असते. ते द्रवाप्रमाणे सावकाश वाहून पृष्ठभागावरील सूक्ष्म खळग्यांत शिरते व घनाप्रमाणे ओढीला प्रतिकार करते. म्हणूनच ते वाळावे लागत नाही आणि वर्षानुवर्षे ओलसर राहते. ज्या गुणामुळे चिठ्ठी लावणे सोपे होते, त्याच गुणामुळे ती काढणे अवघड होते. कारण आसंजकाचे सावकाश वाहणे चिठ्ठी लावल्यावरही थांबत नाही. उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत ते अधिक वेगाने वाहते, चिठ्ठीच्या कडांबाहेर येते व कागदाच्या तंतूंमध्ये उतरते.

ओढण्याच्या वेगाचाही परिणाम होतो. चिठ्ठी झटक्याने ओढल्यास आसंजकाला वाहण्यास अवधी मिळत नाही. ते ताठर बनते आणि आवरणाच्या कागदाचे तंतू किंवा चकाकीचा पापुद्रा सोबत उपटून आणते. अगदी सावकाश ओढल्यास आसंजकाचा थर मधोमध फाटतो आणि त्याचा अर्धा भाग आवरणावर राहतो. या दोहोंत दुसरा तोटाच पत्करणे योग्य. कारण राहिलेला अवशेष पुढे काढता येतो, परंतु फाटलेला कागद पूर्ववत होत नाही.

जीर्णता : डिंक, खळ व सरस यांचे थर वाळून कडक व ठिसूळ होतात. ते पाण्याने फुगतात, हा त्यांचा मोठा फायदा होय. मात्र दमट हवेत त्यांवर बुरशी येते आणि झुरळे व कसर यांना ते खाद्य ठरतात. कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्यानंतर कण्यावरील चिठ्ठीच्या जागी कापड कुरतडलेले आढळते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

रबरयुक्त आसंजकात नैसर्गिक वा संश्लेषित रबर व त्याला चिकटपणा देणारी राळेसारखी रेझिने असतात. हवेतील ऑक्सिजन व प्रकाश यांमुळे त्यांचे ऑक्सिडीभवन होते. पहिल्या अवस्थेत फारसा बदल दिसत नाही व चिठ्ठी सहज निघू शकते. दुसऱ्या अवस्थेत रबराच्या लांब रेणूंचे तुकडे पडतात, थर मऊ व तेलकट होतो, कागदात झिरपतो आणि कागद अर्धपारदर्शक व पिवळा दिसू लागतो. तिसऱ्या अवस्थेत रेणू परस्परांशी आडव्या बंधांनी जोडले जाऊन थर तपकिरी, कडक व जवळजवळ अविद्राव्य बनतो. चिठ्ठी आपोआप गळून पडते, डाग मात्र राहतो. जुन्या पुस्तकांवरील चौकोनी तपकिरी खुणा बव्हंशी या अवस्थेच्या असतात. ॲक्रिलिक आसंजके प्रकाशाला व ऑक्सिजनला अधिक टिकाव धरतात व फारशी पिवळी पडत नाहीत. तथापि तीही कागदात उतरतात. त्यामुळे ती निरुपद्रवी आहेत हा समज बरोबर नाही.

पृष्ठभागाचे प्रकार : आवरण कशाचे आहे यावर उपायाची निवड अवलंबून असते.

(१) प्लॅस्टिकच्या पापुद्र्याने मढविलेले मुखपृष्ठ : अलीकडील बहुतेक कागदी बांधणीच्या पुस्तकांवर पॉलिप्रोपिलिनाचा पातळ पापुद्रा असतो. तो आसंजकाला आत शिरू देत नाही व अल्कोहॉलाने बिघडत नाही. हा पृष्ठभाग स्वच्छ करण्यास सर्वांत सोपा होय. मात्र पापुद्र्याच्या कडेतून द्रव आत गेल्यास पापुद्रा सुटतो. काही जुन्या पुस्तकांवर सेल्युलोज ॲसिटेटाचा पापुद्रा असतो व तो ॲसिटोनात विरघळतो.

(२) केवळ रोगण दिलेले वा गुळगुळीत आर्ट कागदाचे वेष्टन : आर्ट कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो. पाणी लागल्यास लेप मऊ होऊन निघतो किंवा लगतच्या पानाला चिकटतो. येथे शाई बहुधा रोगणाच्या पातळ थराखालीच असल्याने ॲसिटोन व अल्कोहॉल धोक्याचे ठरतात.

(३) लेपविरहित कागद : हा सर्वांत अवघड पृष्ठभाग होय. द्रव लावताच विरघळलेले आसंजक केशाकर्षणाने अधिक खोल व अधिक दूर पसरते आणि द्रव सुकल्यावर भोवती वलय उमटते.

(४) बांधणीचे कापड : यात खळीने भरलेले कापड व नायट्रोसेल्युलोजाचा लेप दिलेले कापड असे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्याची झळाळी पाण्याने जाते व पांढुरके डाग पडतात; दुसऱ्याचा लेप ॲसिटोनाने विरघळतो. सोनेरी छापाची अक्षरे दोन्ही प्रकारांत सहज खराब होतात.

(५) चामडे : जुने चामडे पाण्याने काळे पडते व अल्कोहॉलाने कोरडे व रंगहीन होते. चामडी बांधणीवरील अवशेष घरी काढण्याचा प्रयत्न करू नये.

विद्रावकांची निवड : समान स्वरूपाचे पदार्थ एकमेकांत विरघळतात, या सूत्रावर विद्रावकाची (विरघळविणाऱ्या द्रवाची) निवड आधारलेली आहे. चार्ल्स हॅन्सन यांनी १९६७ मध्ये हे सूत्र तीन घटकांत मांडले : रेणूंमधील सर्वसाधारण आकर्षण, ध्रुवीय आकर्षण व हायड्रोजन बंध. आसंजक व द्रव यांच्या बाबतीत हे तिन्ही घटक जितके जवळ, तितकी विद्राव्यता अधिक. संरक्षणतज्ञाचे कौशल्य आसंजकाच्या जवळचा परंतु शाई व लेप यांच्यापासून दूरचा द्रव शोधण्यात असते. डिंक व खळ यांना पाणी लागते. ताज्या रबराला हेप्टेन किंवा शुद्ध पेट्रोलियम स्पिरिट यांसारखे अध्रुवीय द्रव चालतात आणि ते बहुतेक छपाईच्या शायांना धक्का लावत नाहीत. ॲक्रिलिकाला एथिल अल्कोहॉल, एथिल ॲसिटेट किंवा ॲसिटोन यांसारखे अधिक ध्रुवीय द्रव मऊ करतात. परंतु हेच द्रव शाई व रोगण यांनाही विरघळवितात. जुनाट तपकिरी रबराच्या बाबतीत ऑक्सिडीभवनामुळे ध्रुवीयता वाढलेली असते, म्हणून हेप्टेन निरुपयोगी ठरते व ध्रुवीय द्रवच वापरावे लागतात.

घरोघरी वापरल्या जाणाऱ्या द्रवांचा विचार याच कसोटीवर करता येतो. रॉकेल चिकटपणा घालविते. पण ते सावकाश उडते व त्याचा वास आणि तेलकट डाग कागदात राहतो. खोबरेल तेल आसंजकाला मऊ करते. पण ते कधीच उडून जात नाही. म्हणून त्याचा उपयोग पापुद्र्याने मढविलेल्या मुखपृष्ठापुरता मर्यादित ठेवून नंतर अल्कोहॉलाच्या बोळ्याने ते पूर्णपणे पुसून काढावे लागते. निलगिरी तेल तुलनेने लवकर उडते, परंतु कागदावर तेही डाग ठेवू शकते. नखांवरील रंग काढण्याच्या द्रवात ॲसिटोन वा एथिल ॲसिटेट यांबरोबर तेले, रंग व सुगंधी द्रव्येही असतात. पुस्तकासाठी तो वर्ज्य मानावा. पेट्रोल कोणत्याही कारणाने वापरू नये.

कार्यपद्धती : प्रथम चिठ्ठीवरील मजकुराची नोंद करून छायाचित्र घेतात. ही नोंद आधीच घेणे आवश्यक असते. कारण अलीकडील अनेक किंमतचिठ्ठ्या उष्णतेने उमटणाऱ्या कागदाच्या असतात व त्या गरम केल्यास वा त्यांवर अल्कोहॉल पडल्यास पूर्ण काळ्या होतात.

चिठ्ठी उचलण्यासाठी ती केस वाळविण्याच्या यंत्राच्या मंद झोताने, हाताला सोसेल इतपतच गरम करतात. झोत एकाच जागी धरल्यास पापुद्र्याखाली फुगे येतात. एक कोपरा बोथट पातळ पट्टीने सोडवून चिठ्ठी स्वतःवरच उलटी दुमडतात आणि पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढतात. सरळ वर ओढल्यास कागदावर पडणारा ताण वाढतो व तो फाटण्याचा संभव असतो. धारदार पाते किंवा नख यांचा वापर टाळतात. डिंकाच्या चिठ्ठीवर मेथिल सेल्युलोजाचा घट्ट लेप काही मिनिटे ठेवतात. त्यातून पाणी अतिशय सावकाश सुटते, चिठ्ठी फुगते व खालचा कागद फारसा भिजत नाही.

उरलेला अवशेष आधी कोरड्या रीतीने कमी करतात. क्रेप रबराच्या तुकड्याने हलक्या हाताने एकाच दिशेने घासल्यास आसंजक त्याला चिकटून गोळ्यांच्या रूपाने निघते. कारण आसंजकाला कागदापेक्षा रबराची ओढ अधिक असते. पापुद्र्याने मढविलेल्या मुखपृष्ठावर स्वच्छ बोटाच्या टोकानेही असेच गोळे करता येतात. बहुतांश ताज्या अवशेषांचे काम येथेच संपते. द्रवाचा उपयोग त्यानंतर राहिलेल्या पातळ थरापुरताच करावयाचा असतो.

कोणताही द्रव वापरण्यापूर्वी वेष्टनाच्या आतील घडीवर किंवा पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यावर त्याची चाचणी घेतात. बारीक काडीवरील कापसाचा बोळा द्रवात बुडवून, टिपकागदावर जवळजवळ कोरडा करून, एक थेंबभर जागेवर फिरवितात व कापसावर रंग उतरतो का, तसेच सुकल्यावर चकाकी बदलते का, ते पाहतात. रंग उतरल्यास तो द्रव सोडून द्यावा लागतो. अवशेषावर बोळा घासत नाहीत, तर गोल फिरवीत नेतात. त्यामुळे मऊ झालेले आसंजक पसरण्याऐवजी कापसात येते. काम कडांकडून मध्याकडे करतात व प्रत्येक दोनचार फेऱ्यांनंतर बोळा बदलतात. मळलेला बोळा पुन्हा फिरविणे म्हणजे काढलेले आसंजक पुन्हा लावणे होय.

कागदात मुरलेल्या तेलकट डागासाठी पोटीस वापरतात. मुलतानी माती, शंखजिऱ्याची पूड किंवा सेल्युलोजाची भुकटी विद्रावकात कालवून तिचा जाड थर डागावर देतात. द्रव कागदात उतरतो, आसंजक विरघळवितो आणि बाष्पीभवन वरच्या बाजूने होत असल्याने विरघळलेले द्रव्य घेऊन भुकटीत वर येतो. थर सुकल्यावर मऊ कुंचल्याने झाडून टाकतात. ही क्रिया अनेकदा करावी लागते. तरीही तिसऱ्या अवस्थेतील तपकिरी डाग पूर्णपणे जात नाहीत. तेथे चिकटपणा घालवून डाग तसाच राहू देणे, हाच योग्य निर्णय ठरतो. विरंजक द्रव्यांनी डाग पांढरा करण्याच्या प्रयत्नात कागद दुर्बल होतो आणि भोवतालचा रंगही जातो.

सुरक्षितता : वरील बहुतेक द्रव ज्वालाग्राही आहेत. ॲसिटोनाचे बाष्प सु. −२० से. व हेप्टेनाचे सु. −४ से. तापमानालाही ठिणगीने पेटू शकते. म्हणजे नेहमीच्या खोलीत ते सदैव पेटण्याच्या अवस्थेतच असते. त्यामुळे शेगडी, समई, उदबत्ती, सिगारेट किंवा ठिणगी पाडणारे विद्युत् उपकरण जवळ असता कामा नये. गरम झोत व विद्रावक एकाच वेळी कधीही वापरू नयेत. काम उघड्या खिडकीजवळ करावे व वापरलेले बोळे झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावेत. हेक्झेनाच्या दीर्घ संपर्काने हातापायांच्या तंत्रिकांना इजा होते, तर टोल्यूइनाचा मेंदूवर परिणाम होतो. हे दोन्ही द्रव दुकानी आसंजकनाशकांत वा रबराच्या द्रावणांत असू शकतात. म्हणून घटक न छापलेली बाटली वापरू नये.

चिठ्ठीचे ऐतिहासिक मूल्य : प्रत्येक चिठ्ठी काढून टाकण्याजोगी नसते. विक्रेत्याची छापील चिठ्ठी, बंद पडलेल्या वाचनालयाचा दाखलांक, शाळेची बक्षीसचिठ्ठी किंवा खाजगी संग्राहकाची नामपत्रिका यांवरून ते पुस्तक कोणाच्या हातांतून गेले हे समजते. एखादा संग्रह विकला गेला वा वाताहत होऊन रद्दीत गेला, तर त्यातील पुस्तके ओळखण्याचे साधन पुष्कळदा एवढेच उरते. दाखलवही नष्ट झालेली असल्यास कण्यावरील अंकांवरून संग्रहाचा आकार व क्रम यांचा अंदाज बांधता येतो. म्हणून आसंजक सक्रिय हानी करीत नसेल, तर जुनी चिठ्ठी जागेवरच राहू देतात. हानी करीत असेल, तर चिठ्ठी काढून, मागील आसंजक स्वच्छ करून, ती लिफाफ्यात पुस्तकाबरोबर जपतात. ग्रंथालयाची चिठ्ठी वा शिक्का मालकी लपविण्यासाठीही काढला जातो. ग्रंथ रीतसर रद्द केल्याची नोंद नसल्यास अशी चिठ्ठी न काढता संबंधित ग्रंथालयाशी संपर्क साधणे हेच योग्य.

प्रतिबंध : अवशेष काढण्यापेक्षा तो होऊ न देणे सोपे व स्वस्त असते. विकत घेतलेल्या पुस्तकावरील किंमतचिठ्ठी पहिल्या काही दिवसांतच काढावी. एक उन्हाळा गेल्यावर तेच काम कित्येक पटींनी अवघड होते. मालकाचे नाव मऊ पेन्सिलीने आतील पानावर लिहिणे पुरेसे असते. ग्रंथालयांनी मोलाच्या व जुन्या ग्रंथांवर स्वयंचिकट चिठ्ठी न लावता वर्गांक अम्लरहित कागदाच्या सुट्या पट्टीवर लिहून ती ग्रंथात ठेवावी किंवा बाहेरच्या सुट्या वेष्टनावर चिकटवावी. चिठ्ठी चिकटवावीच लागल्यास गव्हाच्या स्टार्चाची खळ वा मेथिल सेल्युलोज वापरावे. ही दोन्ही द्रव्ये अनेक वर्षांनीही पाण्याने सुटतात. फाटलेली पाने व कणे पारदर्शक चिकटपट्टीने जोडण्याची सर्वत्र रूढ असलेली पद्धत मुळीच अवलंबू नये. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर गावोगावच्या वाचनालयांना शासनमान्यता व अनुदान मिळण्याची व्यवस्था झाली. त्यांपैकी अनेक वाचनालयांकडे एकोणिसाव्या शतकातील व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी ग्रंथ असून त्यांतील काहींची दुसरी प्रत मिळणे दुरापास्त आहे. अशा प्रतीवर आज लावलेली चिठ्ठी पन्नास वर्षांनी कोणालातरी काढावी लागेल, हे लक्षात ठेवून ती निवडणे, हाच ग्रंथसंरक्षणाचा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे.